गिरणीतला कौल

हिर्डोशीच्या पुढं, वरंधा घाटाची चढण जिथं सुरू होते त्या वळणावर हनुमंत पारठे यांची पिठाची गिरणी आहे. गिरणी म्हणजे पत्र्याची एक खोली, तिच्यात एक चक्की, एक मोटर, त्या दोघांना जोडणारा पट्टा आणि या सगळ्यांच्या मध्ये हनुमंतराव. या खोलीत ते इतकी वर्षं उभे आहेत की त्यांच्या भुवया मूळच्या कोणत्या रंगाच्या होत्या हे आता फक्त त्यांच्या बायकोला आठवतं, आणि तीसुद्धा छातीठोकपणे सांगत नाही.

हनुमंतराव स्वभावानं अबोल. गिरणीचा धंदा त्यांनी पत्करला तोच मुळी आवाजासाठी. पट्टा फिरू लागला की समोरचा माणूस नुसता तोंड हलवताना दिसतो. आपण मान हलवायची. त्याचं समाधान होतं, आपलं दळण होतं. गावातल्या कितीतरी भांडणांत दोन्ही बाजूंचे लोक छाती काढून सांगायचे, "हणमंतआण्णाला इचारा, त्येला माझं पटलंय." आण्णांना दोघांचंही पटलेलं असायचं. ऐकलेलं एकाचंही नसायचं.

अडचण एकच होती, ती म्हणजे वीज. वीज गेली की आवाज जायचा आणि माणसं ऐकू यायला लागायची. त्यावर उपाय म्हणून आण्णा तोंडासमोर पेपर धरू लागले. पेपर भोरहून पहिल्या एस.टी.नं येतो. कोण मंत्री कुणाला काय म्हणाला, टोमॅटोचं काय झालं, कोण वारलं, सगळं वाचून व्हायचं आणि वीज काही यायची नाही. अशाच एका दुपारी आतल्या पानाच्या तळाशी त्यांना 'आजचा शब्दशोध' भेटला.

शब्दकोडं त्यांना कधी जमलं नव्हतं. त्याला आपल्या डोक्यात आधी शब्द असावे लागतात, मग ते घरांत भरायचे. हे त्यांना अन्यायाचं वाटे. शब्दशोधात तसं नाही. चौकोनभर अक्षरं सांडलेली, वर विषय दिलेला, 'भाज्या' नाहीतर 'नद्या' नाहीतर 'स्वयंपाकघरातली भांडी'. शब्द तिथंच आहेत. आडवे, उभे, तिरके, कधी उलटेसुद्धा. आपण फक्त तांदळातले खडे निवडावेत तसे निवडायचे. सापडलेल्या शब्दाभोवती आण्णा पेन्सिलीनं लांबट गोल काढत आणि त्याला 'शेंग' म्हणत. 'दोडका'ची शेंग, 'कोयना'ची शेंग, 'उलथनं'ची शेंग. सगळ्या शेंगा झाल्या की चौकोन घेवड्याच्या वेलासारखा लगडलेला दिसे आणि आण्णांना आपण काहीतरी पिकवल्यासारखं वाटे.

या कामात त्यांची काही व्रतं होती. पेन वापरायचं नाही, कारण पेनात गर्व आहे. उत्तरं दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतात, ती बघायची नाहीत. आणि सगळ्यात मोठं व्रत असं, की दिसलेला शब्द सोडायचा नाही आणि नसलेला मारून मुटकून बसवायचा नाही. एकदा 'फुले' या विषयात 'जाई' सापडली आणि 'जुई' सापडेना, तेव्हा शेजारी टेकलेल्या एस.टी.च्या कंडक्टरनं सुचवलं की एका अक्षराचा काना खोडून पेन्सिलीनं उकार देऊन टाका. आण्णांनी त्या कंडक्टरकडं असं बघितलं, जणू त्यानं पिठात चुना मिसळायला सांगितला होता.

असा हा माणूस आपल्या पाव तासाच्या सुखात सुखी होता. मग गेनूची गाय आली.

गेनू पोळ नाचणीचं दळण घेऊन आला होता. वीज नव्हती. त्याची गाय दिवस भरूनही वीत नव्हती आणि तो सगळ्या जगाला तेच विचारत सुटला होता. त्यानं आण्णांनाही विचारलं, "आण्णा, आज तरी इल का वो?" नेमकं त्याच वेळी 'पाळीव प्राणी' या विषयात आण्णांची पेन्सिल 'कालवड' या शब्दाभोवती फिरत होती. गेनूनं वाकून बघितलं. घरी गेला, तर गाय व्यालेली, आणि कालवडच.

वास्तविक पाळीव प्राण्यांत कालवड निघणं यात नवल काय? त्याच चौकोनात गाढव होतं, बदक होतं, मांजर होतं. पण गेनूच्या गायीला गाढव झालं नाही म्हणून तो शब्दशोध कुणी खोटा म्हणेना. संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं, की गिरणीत कौल लागतो.

आता या गावात कौल ही चेष्टेची गोष्ट नाही. गावदेवीच्या मूर्तीला उजवीकडं आणि डावीकडं फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बसायचं. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. हे काम देवीचा गुरव सोनबा करतो. सोनबाचं पोट या कौलावर नसलं तरी मान त्याच्यावर होता. त्यामुळं सोनबा आता गिरणीवर येऊन ताशेरे ओढणार, आपली सुटका करणार, अशी आण्णांना आशा होती. सोनबा आलाही. दळणाचा डबा घेऊन आला.

"आण्णा," तो म्हणाला, "देवळात फूल पडंस्तवर माझ्या मांड्या धरत्यात. लोकं तीन-तीन तास बसत्यात. तुमचं काम कसं, दळण व्हायच्या आत निकाल. देवीनंच काढलेली सोय हाय ही."

"आरं, पेपरवाल्यांनी काढलीया!"

"पेपरवाल्यांना बुद्धी कुणी दिली?"

 सोनबानं तिथंच पिठाच्या पोत्यावर बसून नियम घालून दिले. प्रश्न विचारल्यावर आण्णांना जी पहिली शेंग सापडेल तो कौल. शब्द डावीकडून उजवीकडं गेला तर उजवा कौल, म्हणजे होकार. उलटा, उजवीकडून डावीकडं गेला तर डावा, म्हणजे नकार. वरून खाली उतरला तर उभा, म्हणजे थांबा, पुढच्या महिन्यात या. तिरका निघाला तर प्रश्न नीट विचारून या. शेंग काढून होईपर्यंत दुसऱ्या कुणी पेपरात डोकवायचं नाही. शेवटचा नियम त्यानं देवळातूनच उचलला होता.

पेपरवाले आणखी एक घोटाळा करून ठेवत. चौकोनाखाली बारीक अक्षरात 'उद्याचा विषय' छापत. त्यामुळं लोक दिवस धरून येऊ लागले. 'नद्या' असला की विहिरीचे आणि बोअरचे प्रश्न. 'धान्ये' असलं की खाचरांचे. 'क्रिकेट' असलं की सगळी तरणी पोरं मोटरसायकलींचे हप्ते आणि प्रेमप्रकरणं घेऊन हजर, कारण क्रिकेटचा संबंध कशाशीच नसल्यामुळं कशाशीही लावता येई. सकाळी एस.टी. यायच्या आत गिरणीच्या दारात डब्यांची रांग लागे. अंबूबाई, म्हणजे हनुमंतरावांचं कुटुंब, त्या रांगेची व्यवस्था बघत. कुणाचा डबा कुणाच्या पुढं हे त्या ठरवत आणि दोन महिन्यांत त्यांच्या चालण्यात फरक पडला.

आण्णा मात्र अडकले.

त्यांनी सुटायचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. पहिल्यांदा सरळ हात जोडून सांगितलं, "बाबांनो, म्या कुणी न्हाई. मला काय कळत न्हाई." हे ऐकून लोकांनी एकमेकांकडं बघितलं. खरा माणूस असंच म्हणतो. दुसऱ्या दिवशी रांग वाढली. मग त्यांनी चष्मा फुटल्याचं सांगितलं. तासाभरात गावातले जमतील तेवढे चष्मे पुढ्यात आले, त्यातला एक त्यांना आधीच्या चष्म्यापेक्षा चांगला लागला. मग ते शिवऱ्याला निघाले. तिथं त्यांचा मुलगा इंद्रजित हायवेला टायरचं दुकान चालवतो, चार दिवस त्याच्याकडं राहावं असा बेत. तर एस.टी.च्या दारात कंडक्टरनंच पेपर पुढं केला. "आण्णा, बसा निवांत. पर आदी एक शेंग काढा. बदलीचं बगायचंय." शेंग डावी निघाली. कंडक्टरचं तोंड असं पडलं की आण्णा शिवऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले, आणि दुकानात पोचतात तर इंद्रजितच्या शेजारचा चहावाला पेपर घेऊन उभा. इंद्रजितनंच कौतुकानं सांगून ठेवलं होतं.

एका शिकलेल्या जावईबुवांनी तोडगा काढला होता, की मोबाईलवर असे शब्दशोध पाहिजे तेवढे मिळतात, ज्यानं त्यानं आपापला सोडवावा. आण्णांना आनंदानं भरून आलं. पण सोनबानं ते उडवून लावलं. "पायजे तेवढं मिळत्यात? मग त्यो कौल कसला? नकार आला की माणूस दुसरा उघडणार." यावर जावईबुवांसकट सगळ्यांनी माना डोलावल्या.

यातलं सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचं सुख गेलं. पेपर हातात आला की आधी मागं लोकांचे श्वास ऐकू यायचे. पहिली शेंग निघाली की कुणी हुश्श करायचं, कुणी पदर डोळ्याला लावायचा. उरलेल्या शेंगा काढायला कुणी सवड देत नसे. पुढच्याचा प्रश्न तयारच असे. लोकांचे प्रश्न काय असतात ते मात्र आण्णांनी कधी मनावर घेतलं नाही. कानावर पडायचं आणि जायचं. जे आहे ते पेपरात आहे, मी फक्त शेंग काढतो, एवढ्यावर त्यांनी आपली मान सोडवून घेतली होती. कुणी बैल विकला, कुणी दार पूर्वेला फिरवलं, कुणी भावाशी बोलायला लागलं. आण्णा त्यातल्या कशातच नव्हते. ते अडकलेले होते, पण निर्दोष होते.

अशात एका सकाळी, उजाडता उजाडता, स्वप्नाली गिरणीच्या दारात धापा टाकत उभी राहिली.

स्वप्नाली म्हणजे वरच्या धनगरवाड्यातल्या म्हादू ढेबेची मुलगी. शेळ्या-म्हशींचं घर. ही पोरगी गेलं वर्षभर रोज पहाटे घाटाच्या रस्त्यानं पळते. पोलीस भरतीत उतरायचं आहे. पायांत भावाचे बूट, त्यात कापडाचे बोळे. तिला पळताना बघून सुरुवातीला लोक तिच्या मागं कोण लागलंय ते बघायचे, आता घड्याळ लावतात.

"काका," ती म्हणाली, "उद्या माझा कौल हाय."

"म्हाईत हाय." आण्णा दगडावरचं पीठ झाडत होते. "तुज्या अंबूकाकूनंच जुळवलंय ते. वेल्ह्याकडचं स्थळ."

"मला डावा द्या."

आण्णांचा झाडू थांबला. "देयाला काय माज्या घरचं हाय? पेपरात आसंल ते."

"पेपरात उजवं बी आस्तंय आन डावं बी आस्तंय. रोजच्याला दोन्ही आस्त्यात. म्या काय आंधळी हाय व्हय?"

"पयला घावंल त्यो धरायचा."

"मग डावा पयला घावू द्या."

आण्णा इकडंतिकडं बघायला लागले. मोटरीचं बटण हाताशी होतं, पण वीज नव्हती. "पोरगं वंगाळ हाय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. चांगला हाय. म्हशी बी चांगल्या हायती. पर मला आत्ता न्हाई जायाचं, काका. भरतीचं मैदान तोंडावर आलंया. एकदा गेले की संपलं."

"मग बापाला सांग की तसं."

"सांगितलं. आबा म्हणलं, तुजं बी खरं हाय, आजीचं बी खरं हाय. म्या कुणाचं मोडू? गिरणी सांगंल तसं करू." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "त्या पाव्हण्यांनी बी मान्य केलंय. आता समद्यांनी हात झटकल्यात आन तुमच्या पेन्सिलीवर टाकलंय."

आण्णांना कानावरची पेन्सिल एकदम जड वाटली. "बघ बाई," ते म्हणाले, "म्या आजवर नसलेली शेंग काढली न्हाई, आन दिसलेली सोडली न्हाई. माज्याकडं एवढं एकच हाय. उद्या उभा बी निघंल. उभा निघाला तर काम लांबंल, म्हंजे झालं की."

"उभा तर नकोच! उभा निघाला की दर रविवारी पाव्हणं येऊन बसणार, आन म्या च्या करत बसणार. पळू कवा?"

एवढं बोलून ती खरोखरच पळाली, चढणीला. आण्णा तिच्याकडं बघत राहिले. आजवर कुणी त्यांना कौल काय निघावा हे सांगितलं नव्हतं. प्रश्न एवढा नीट ऐकायचीही ही पहिलीच वेळ होती आणि आता तो ऐकलेला प्रश्न कानातून काढता येईना.

घरी गेले तर अंबूबाईंनी दुसरी बाजू मांडून ठेवली होती. स्थळ त्यांनी सुचवलेलं, मुलाची चुलती त्यांच्या माहेरची, आणि धोंडाबाईला, म्हणजे स्वप्नालीच्या आजीला, त्यांनीच शब्द दिलेला.

"उद्या इषय काय हाय, म्हाईत हाय ना?" भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या. "दागिने! दागिन्यांच्या दिवशी कुणाचा नकार येतोय व्हय? म्या मुद्दाम उद्याचं धरलंया. डावा आला तर मला माहेरी तोंड दाखवाया जागा न्हाई."

"येईल ते येईल," आण्णा म्हणाले.

"येईल ते कसं? उजवाच येणार. जेवा."

दुसऱ्या दिवशी गिरणीपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. वेल्ह्याकडून मुलाचा काका सिद्धनाथ चार माणसं घेऊन टेम्पोतून आला होता, फेटा बांधून. म्हादू ढेबे एका कोपऱ्यात उभा, दोन्ही हातांनी एकच टोपी पिळत. धोंडाबाई पोत्यावर बसलेल्या. सोनबानं कपाळाला भंडारा लावला होता आणि आण्णांच्याही लावला. स्वप्नाली तांदळाचा डबा डोक्यावर घेऊन दारात उभी होती. घरच्यांनी तिला साडी नेसवली होती, पण साडीखाली बूट तेच होते.

एस.टी. आली. पेपर आला. आण्णांच्या हातात आला आणि सगळे गप्प झाले. एरवी पिठाची गिरणी एवढी गप्प फक्त सुतकात असते.

सोनबानं प्रश्न म्हटला, "म्हादूची स्वप्नाली सिद्धनाथच्या पुतण्याला, दत्ताला, द्यायची का?"

आण्णांनी पान उलटलं. चष्मा सावरला. चौकोनावर नजर टाकली आणि त्यांना घाम फुटला. दुसऱ्याच ओळीत, अगदी डोळ्यांत भरेल असं, डावीकडून उजवीकडं 'बोरमाळ' पडली होती. शोधायचीसुद्धा गरज नव्हती. पेन्सिल आपोआप तिच्यावर जाऊन टेकली. इतक्या दिवसांची सवय, हात मेंदूला विचारत नाही.

मग पेन्सिल उचलली गेली.

ती कुणी उचलली हे आण्णांना नक्की सांगता आलं नसतं. आपण शब्द बघून सोडला, एवढंच त्यांना कळलं.  ते घाईघाईनं खाली सरकले, तर पाचव्या ओळीत 'चिंचपेटी', तीही उजवीच. तिच्याखाली 'मोहनमाळ'. पेपरवाल्यांनी आज अंबूबाईंना विचारूनच चौकोन भरला होता की काय! कडेनं 'पैंजण' सरळ खाली उतरत होतं. उभा. आण्णांचा जीव त्याच्याकडं ओढ घ्यायला लागला. उभा म्हणजे कुणाचंच काही बिघडत नाही. आजीला आशा, पाहुण्यांना चहा, अंबूबाईंना माहेर, आणि पोरीला... त्यांनी डोळा वर केला. पोरगी त्यांच्याकडं बघतही नव्हती. ती रस्त्याच्या चढणीकडं बघत होती.

"आण्णा," सोनबा हळूच म्हणाला, "आज येळ लागतुया."

"दागिनं हायती बाबा. बारीक काम आस्तंय."

लोकांनी आदरानं माना हलवल्या. आण्णा शेवटच्या ओळीपासून वर चढू लागले, उजवीकडून डावीकडं वाचत. भात लावताना माणूस मागं मागं सरकावा तसं. पान ओलं झालं होतं ते त्यांच्या बोटांनी. आणि तळापासून तिसऱ्या ओळीत, उलटी पडलेली, एकदाची 'पाटली' सापडली.

त्यांनी शेंग काढली. ती जरा किडकी आली.

"डावा," ते म्हणाले.

कुणीतरी श्वास सोडला. तो म्हादू होता. टोपी डोक्यावर घालून तो भिंतीला टेकला. घाट चढून आल्यासारखा दिसत होता. धोंडाबाईंनी पेपराच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणाल्या, "आईच्या मनात न्हाई, तर आपण कोण?" सिद्धनाथनं फेटा नीट केला. माणूस समजूतदार होता. "चालायचंच," तो म्हणाला, "दागिन्याच्या दिवशी डावा आला म्हंजे देवीनं लईच ठरवून सांगितलं." सोनबानं तर सगळ्यांना ऐकवलं, की असा अवघड कौल त्यानं देवळातही बघितला नव्हता, आण्णांना घाम फुटलेला सगळ्यांनी बघितलाच आहे. देवी अंगातून गेल्याशिवाय असं होत नाही.

स्वप्नालीनं डबा खाली ठेवला. "काका, तांदूळ बारीक दळा," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. जाताना चालली, पळाली नाही. साडी होती.

त्या दिवशी वीज होती. आण्णांनी उरलेले सगळे कौल सोनबाला सांगून दुसऱ्या दिवसावर ढकलले आणि संध्याकाळपर्यंत नुसतं दळण दळलं. चौकोन त्यांनी पुरा केला नाही. 'बोरमाळ'भोवती शेंग काढायला गेले, तर हात होईना. शेवटी पेपर घडी करून मोटरीखाली सरकवून दिला.

घरी आले तेव्हा अंबूबाई चुलीपुढं होत्या आणि बोलत नव्हत्या. हे अपेक्षित होतं. पाट पडला, ताट आलं, ताटात मीठ आलं, आमटी आली. नेहमी या क्रमाबरोबर बोलणं येतं, ते काही येईना. आण्णांनी पहिला घास घेतला.

"दुसऱ्या वळीत," अंबूबाई म्हणाल्या.

"काय?"

"पेन्सिल. दुसऱ्या वळीत टेकली हुती. टेकली आन उचलली."

आण्णांचा घास तसाच राहिला. "तुला कुणी बघाया सांगितलं? डोकवायचं न्हाई आसा नेम हाय."

"म्या पेपरात कुठं डोकावले? तुमच्या तोंडाकडं आन हाताकडं बगत हुते. एवढी वर्सं तेच बगतीया." त्यांनी भाकरी तव्यावर उलटली. "तुमची मान कवा खरी हालती आन कवा उगीच, ते मला न्हाई कळत व्हय?"

आता त्या काय करणार, गावाला सांगणार की माहेरी, की आज जेवण एवढंच मिळणार, याचा अंदाज घेत आण्णा बसले. मग त्यांनी खरं ते सांगून टाकलं. "पोरीला पळायचंय गं."

"म्हाईत हाय पोरीला पळायचंय. आदी सांगितलं आस्तं तर म्या दुसऱ्या इषयाचा दिवस धरला आस्ता. उगं माजी बी धडधड, तुमची बी." अंबूबाईंचा आवाज रागाचा नव्हता, आणि हेच आण्णांना जास्त धोक्याचं वाटलं. "बरं, झालं ते झालं. उद्या माज्या भावाचा डबा पयला ठेवलाय. उजवा पायजे."

"आसं कसं?"

"जसं आज झालं तसं."

आण्णांनी ताटाकडं बघितलं. आमटीवर साय धरायला लागली होती. त्यांना एकदम कळलं की आजवर त्यांना कुणी पकडलेलंच नव्हतं. दार उघडं होतं, ते फक्त लोकांच्या गर्दीमुळं दिसत नव्हतं. बंद झालं ते आज, आणि कडी त्यांनी स्वतः लावली होती. उद्यापासून जे आहे ते पेपरात आहे असं त्यांना म्हणता येणार नव्हतं. जे निघेल ते त्यांनी काढलेलं असणार होतं, किंवा काढलं नाही म्हणून निघालेलं.

"तुज्या भावाचा प्रश्न काय हाय?" त्यांनी विचारलं.

अंबूबाईंनी वळून बघितलं. "तुमी कवापास्नं इचारायला लागला?"

"सांग तर खरं."

"भाटघरला धरणाच्या खाली जमीन खंडानं घेतोय. घेऊ का म्हणतोय."

"त्येला पाणी हाय का?"

"धरणाच्या खाली म्हणलं की पाणी आसणारच की!"

"आसणारच, का हाय?"

अंबूबाई विचारात पडल्या. भाकरी तव्यावर फुगली आणि जळायला लागली तेव्हा त्यांचं लक्ष गेलं. "ते इचारलं न्हाई म्या," त्या म्हणाल्या. "सकाळी फोन लावते."

"लाव. आन पाणी नसंल तर उजव्याचं नाव काढू नगंस."

"माज्या भावाला डावा दिला तर बघा."

"बघतो ना. बघायचंच हाय आता." आण्णांनी हातातला घास तोंडात टाकला, गार झालेला. मग विचारलं, "भावाच्या मागं कुणाचा डबा हाय?"

"गेनूचा. त्येला कालवड इकायची हाय."

"आन त्याच्या मागं?"

"हितं गंमत हाय. सोनबाचा हाय. त्येच्या थोरल्या सुनेचं काय तरी हाय, नीट बोलंना झालाय."

"म्हंजे तुला म्हाईत हाय," आण्णा म्हणाले.

"थोडं म्हाईत हाय. पर ते असं उभ्याउभ्या सांगण्याजोगं न्हाई."

आण्णांनी पाट थोडा मागं सारला, भिंतीला पाठ टेकली आणि मांडी नीट घातली. अंबूबाईंनी तव्यावरची करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात टाकली, दुसरी थापायला घेतली आणि सोनबाच्या सुनेचं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.